राणी मलयवती आणि थांबवणारा शब्द

(हा भाग फक्त १८ वर्षांवरच्या श्रोत्यांसाठी आहे. बोलण्यातली भाषा लिखाणातही बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग नागावातून रेकॉर्ड करतेय. मागे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, समोर किनारा. शनिवार असल्यामुळे मधूनमधून बनाना राइडचा आरडाओरडा ऐकू येईल, तो सांभाळून घ्या.

हा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमुळे निवडला. तो आणि त्याची जोडीदार दोघंही सज्ञान आहेत. त्यांना बांधणं, चापट मारणं असल्या गोष्टींचे व्हिडिओ करायचेत. प्रश्न एका ओळीचा होता: "दोघांची संमती आहे, मग धोका काय?"

त्याचं उत्तर शोधायला मी कायद्यापासून सुरुवात केली आणि पोचले सातवाहनांपर्यंत.

नागावहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की चौल येतं. आज तिथे देवळं, तळी आणि वाड्या दिसतात, पण सुमारे २००० वर्षांपूर्वी हे मोठं बंदर होतं. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात ते 'सेमुल्ला' म्हणून येतं आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत 'चेमुल' म्हणून. घाटावर राज्य होतं सातवाहनांचं, राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. आणि याच घराण्यातल्या एका राजाचं नाव आजच्या विषयाच्या अगदी मध्यभागी आहे.

वात्स्यायनाचा 'कामसूत्र' साधारण तिसऱ्या शतकातला मानतात. आपण त्याला आसनांचं पुस्तक समजतो. पण त्याच्या दुसऱ्या अधिकरणात एक अख्खा अध्याय प्रणयातल्या प्रहारांवर आहे. कुठे, कसे, किती आणि त्यावर कसे आवाज निघतात, हे सगळं त्यात आहे. त्यातले चार प्रकार दक्षिणेकडच्या लोकांत चालतात, असं तो सांगतो आणि पुढे लगेच अपघातांची यादी देतो. चोळ राजाच्या हातून चित्रसेना नावाची गणिका मेली. नरदेवाचा प्रहार चुकला आणि एका नर्तकीचा डोळा गेला. आणि कुंतल शातकर्णी सातवाहनाने 'कर्तरी' नावाच्या प्रहाराने महादेवी मलयवतीला मारलं. कर्तरी म्हणजे कात्री. टीकाकार सांगतात की ही हाताच्या बोटांची एक ठेवण आहे, खरी कात्री नाही.

म्हणजे आपल्याच मुलखातल्या एका राजघराण्यातली राणी पलंगावरच्या खेळात गेली, अशी आठवण त्या काळी लोकांत होती. वात्स्यायन ती खुनाची गोष्ट म्हणून सांगत नाही, धोक्याचं उदाहरण म्हणून सांगतो. हे प्रकार क्लेशाचे आहेत, मानण्याजोगे नाहीत, असं मत तो स्वतःच्या नावाने देतो. एका प्रदेशाची रीत दुसरीकडे नेऊ नये आणि जिथे रीत आहे तिथेही जिवावर बेतणारं टाळावं, असंही बजावतो.

पुढे तो एक दृष्टांत देतो. भरधाव सुटलेल्या घोड्याला वाटेतला खांब, खड्डा, दरी काही दिसत नाही. तसंच रंगात आलेल्या माणसांना धोका दिसत नाही. मला वाटतं, आजच्या कुठल्याही सेफ्टी गाइडचं पहिलं पान यातूनच निघतं. घोडा धावायला लागल्यावर लगाम शोधायचा नसतो. काय चालेल, काय अजिबात नाही, कुणाला दम्याचा त्रास आहे, कुणाचा खांदा निखळतो, हे सगळं आधी ठरवायचं. चहा पीत, कपड्यांत, दारू न घेता.

पण त्याच अध्यायात एक अडचण आहे. प्रहार झाल्यावर जे आवाज निघतात, त्यांच्या यादीत वात्स्यायन 'आई गं', 'पुरे', 'सोड', 'थांब' अशा अर्थाचे शब्दही घालतो. म्हणजे 'थांब' हा शब्दसुद्धा खेळाचाच भाग! मग मलयवती 'थांब' म्हणाली असती, तर राजाला कळलं कसं असतं? समोरचीची ताकद, नाजूकपणा पाहून वागावं, असा सल्ला ग्रंथ देतो. पण तो सल्ला मारणाऱ्याला आहे. जिला लागतंय तिच्या हातात थांबवण्याचं साधन काय, याबद्दल एक शब्द नाही.

हे साधन खूप उशिरा आलं. १९८३ च्या सुमारास न्यू यॉर्कमधल्या गे पुरुषांच्या एका गटातून तीन शब्दांचं सूत्र पुढे आलं: सुरक्षित, शुद्धीत, संमतीने. सेफवर्डची पद्धतही अशाच समूहांमुळे रुळली. 'थांब', 'नको' हे शब्द नाटकात येऊ शकतात, म्हणून नाटकात कधीच येणार नाही असा शब्द घ्यायचा. 'फणस' घ्या, 'मांडवा जेट्टी' घ्या. किंवा सिग्नलचे रंग: पिवळा म्हणजे हळू, लाल म्हणजे बंद. तोंडाला कापड असेल तर शब्द निघणार नाही, तेव्हा हातात चाव्यांचा जुडगा ठेवायचा. तो खाली पडला की खेळ बंद.

आता यात कॅमेरा आणूया. इथे एक ब्रिटिश प्रकरण माहीत असायलाच हवं. १९८७ मध्ये मँचेस्टरच्या पोलिसांच्या हाती एक व्हिडिओटेप लागली. त्यातला प्रकार पाहून त्यांना वाटलं, माणसांचा छळ करून जीव घेतला जातोय. प्रत्यक्षात ते सज्ञान पुरुष होते, सगळं संमतीने चाललेलं आणि टेप आपसांत पाहण्यासाठी केलेली. तरी खटला उभा राहिला. १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की अशा दुखापतीला संमती हा बचाव होऊ शकत नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही १९९७ मध्ये त्यांची बाजू मान्य केली नाही. कॅमेऱ्यात दुखापत दिसते, आधी चहा पिताना झालेलं बोलणं दिसत नाही.

आपल्याकडे? १८६० च्या भारतीय दंड संहितेत ८७ वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २५ वं आहे. त्याचा गाभा असा: १८ वर्षांवरच्या माणसाने संमती दिली असेल, आणि जीव जावा किंवा गंभीर दुखापत व्हावी असा हेतू नसेल, तसं होण्याची शक्यता आहे हे माहीतही नसेल, तर झालेली इजा त्या कारणाने गुन्हा ठरत नाही. कायद्यातलं उदाहरण आहे तलवारबाजीच्या खेळाचं. आणि गंभीर दुखापतीच्या यादीत काय आहे? हाड मोडणं, डोळ्याची दृष्टी कायमची जाणं. त्या नर्तकीचा डोळा आठवला ना? शिवाय भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही कायद्याने संमतीच नाही.

दुसरी गोष्ट. कृतीला दिलेली संमती वेगळी, शूटिंगची वेगळी आणि लोकांना दाखवण्याची वेगळी. २०१३ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट लिहिलं: बाईने चित्रीकरणाला हो म्हटलं, पण प्रसाराला नाही, तर तो प्रसार गुन्हा आहे. आता ते न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात आहे.

आणि श्रोत्याला जे ऐकायला आवडणार नाही, तेही सांगते. भारतात उघड लैंगिक कृतीचा व्हिडिओ ऑनलाइन प्रसिद्ध करणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७अ कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरलात तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. दोघांची संमती असली तरी यातून सुटका नाही. त्याचा सगळ्यात वाईट परिणाम सेटवर होतो: कुणी मर्यादा ओलांडली, तर तक्रार करायला जाणारी व्यक्ती स्वतःच घाबरते. दबाव आणणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून 'आता पैसे घेतलेत, आता मागे फिरता येणार नाही' असं कुणी म्हटलं, की तिथेच उठायचं. पैसे घेतल्याने 'नाही' म्हणायचा हक्क विकला जात नाही.

तर माझ्या श्रोत्या मित्रा, तुझं उत्तर. संमती एकदा घेऊन ठेवायची वस्तू नाही. प्रत्येक रिटेकला ती नव्याने विचारायची. सेफवर्ड आला की कॅमेराही बंद, फक्त कृती नाही. शूट करणाऱ्या माणसालाही थांबवायचा अधिकार द्यायचा, कारण घोड्यावर न बसलेला तो एकटाच असतो. बांधलेल्या माणसाला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. हातापायाला मुंग्या आल्या, बधिरपणा वाटला की लगेच सोडायचं. गळा दाबण्याची सुरक्षित पद्धत अस्तित्वात नाही, तो यादीतून काढून टाक. संपल्यावर पाणी, पांघरूण, सोबत बसणं आणि दुसऱ्या दिवशी एक फोन. फुटेज कुणाकडे राहणार, कधी पुसणार, हे लिहून ठेवायचं.

आणि जवळ एक बोथट टोकाची कात्री ठेव, दोरी पटकन कापायला. मलयवती ज्या प्रहारात गेली, त्याचं नाव कात्रीच होतं. तिने त्या रात्री काय म्हटलं, हे ग्रंथात कुणी लिहून ठेवलं नाही. तुझ्या जोडीदाराने काय म्हटलं, ते मात्र तुला ऐकू आलंच पाहिजे.

बाहेर बनाना राइडवाला आत्ताच ओरडून सांगतोय: हात वर केला की बोट थांबेल. समुद्रात जायच्या आधी सांगतोय, हे महत्त्वाचं. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.