भीड आणि मौन

बदलापूरच्या मांजर्लींतून रोज मुंबईस नोकरीकरितां जाणाऱ्या माणसाचा शीण केवळ प्रवासाचा नसतो. गाडींतील गर्दी, कचेरींतील भेटीगांठी आणि चारचौघांत बोलावें लागेल ही धास्ती, यांनीं भिडस्त मनुष्य दिवेलागणीपर्यंत पार गळून जातो. ‘जरा धीट हो’ असा उपदेश आपण त्याला सहज करतों. त्या उपदेशाची किंमत किती, हें गांधीजींच्या चरित्रावरून चांगलें कळतें.

१८९१ सालीं बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनीं मुंबईंत वकिली आरंभिली. स्मॉल कॉज कोर्टांतील पहिल्याच खटल्यांत उलटतपासणीस उभे राहतांच त्यांचें डोकें गरगरलें. एकही प्रश्न सुचेना. दुसरा वकील पाहा व ३० रुपये फी परत घ्या, असें सांगून ते खालीं बसले. पुढें राजकोटास अर्ज लिहून देण्याच्या कामावर त्यांची मिळकत होऊं लागली. १८९३ पासून दक्षिण आफ्रिकेंत सार्वजनिक कार्य केलें, तरी भीड गेली नाहीं. १८९६ सालीं मुंबईच्या सभेंत त्यांचा आवाज कांपूं लागला आणि त्यांचें लिखित भाषण दिनशा वाच्छा यांनीं वाचून दाखविलें.

कालांतरानें सभा अंगवळणी पडल्या, पण शीण राहिलाच. सोमवारच्या मौनाचा उगम यांत आहे. १९४२ च्या जूनमध्यें सेवाग्रामास आलेल्या लुई फिशर या अमेरिकन पत्रकारास त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें कीं, उन्हाळ्यांतील आगगाड्या, अखंड भाषणें आणि हजारों लोकांचे प्रश्न यांनीं जीव मेटाकुटीस आला, म्हणून आठवड्यांतून एक दिवस विसांवा हवा होता. मौनाचे आध्यात्मिक गुण मागाहून जोडले गेले.

हा शीण आणि कोर्टांतील तें भय एकच, असें माझें म्हणणें नाहीं. उपाय मात्र एकाच जातीचा होता. जीभ अडली तेथें लेखणी, आवाज अडला तेथें मित्राचा कंठ, जीव थकला तेथें ठरलेला मौनवार. यांपैकीं कशानेंही कार्य थांबलें नाहीं. मौनाच्या दिवशींही पत्रें व लेख चालूच असत.

मांजर्लीच्या कारकुनास सोमवार राखतां येणार नाहीं. पण घरीं परतल्यावरची अर्धी घटका त्याला राखतां येईल. मात्र ती सर्वांस सांगून राखावी. सबबी सांगून चुकविलेल्या भेटीनें भय वाढतें. सांगून घेतलेल्या विसांव्यानें कोणी दुखावत नाहीं. ‘मी थकलों आहें’ एवढें म्हणण्याचा धीर त्याला आला, तर तूर्त तेवढा धीटपणा पुरे.