उरलेल्या रजांचा आठवडा

डिसेंबर सरत आला, की आमच्या अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीत एकच चौकशी सुरू होते : 'सीएल किती उरल्यात?' नाताळची हक्काची सुट्टी एकच, 25 डिसेंबरची. पण वर्षाच्या आठ किरकोळ रजा 31 तारखेला बुडतात. 1985 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. त्यामुळे नाताळ शुक्रवारी आला, तर चार सीएल टाकून वर्षअखेरपर्यंत सलग सात दिवस मोकळे मिळतात.

हा हिशेब मांडताना मला जवळच्याच परळ-लालबागच्या गिरण्या आठवतात. तिथल्या कामगाराला एके काळी आठवड्याची ठरलेली सुट्टीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. दर रविवारी सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, अशा त्यातल्या मागण्या होत्या. गिरणीमालकांनी रविवार मान्य केला तो 10 जून 1890 रोजी. वर्षाला दहा दिवसांची भरपगारी सुट्टी कारखान्यांच्या कायद्यात यायला 1945 साल उजाडावं लागलं.

आपल्या रजेमागे एवढी वर्षं उभी आहेत. पण आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईंची रजा आजही घरोघरच्या मर्जीवर चालते. नाताळात आपण गावाला गेलो, की त्यांनाही सुट्टी मिळते. त्या दिवसांचा पगार आपण त्यांना देतो का?