जिंकलेला खटला, हरलेली भूमी

अमेरिकेच्या वीस डॉलरच्या नोटेवर एका राष्ट्राध्यक्षांचं चित्र आहे. लांबट चेहरा, मागे फिरवलेले दाट केस. हे अँड्र्यू जॅक्सन. १८२९ ते १८३७ अशी आठ वर्षं ते अमेरिकेचे अध्यक्ष होते. सामान्य माणसाचा अध्यक्ष अशी त्यांची ख्याती होती आणि १९२८ पासून ते या नोटेवर विराजमान आहेत. पण त्याच देशात अशीही माणसं आहेत की ज्यांना ही नोट हातात घेणं नकोसं वाटतं. ती आहेत चेरोकी. त्यांचं जॅक्सनशी असलेलं वैर समजून घ्यायचं, तर श्रोतेहो, आधी त्यांची मैत्री समजून घ्यायला हवी.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिका हा अटलांटिकच्या किनाऱ्यालगतचा एक तरुण देश होता. १८०३ मध्ये नेपोलियनकडून त्यानं लुइझियाना हा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरना विकत घेतला. सव्वाआठ लाख चौरस मैल जमीन! एका कागदावर सह्या झाल्या आणि देशाचा आकार जवळजवळ दुप्पट झाला. त्या जमिनीवर शेकडो वर्षं राहणाऱ्या लोकांना मात्र कोणी काही विचारलं नाही. तरीही या खरेदीतून एक कल्पना पुढे आली. मिसिसिपी नदीच्या पलीकडे आता भरपूर जागा आहे, तर अलीकडच्या मूळ रहिवाशांना तिकडे का पाठवू नये?

या कल्पनेची सर्वांत जास्त घाई होती जॉर्जिया राज्याला. १८०२ मध्ये जॉर्जियानं आपल्या पश्चिमेकडच्या जमिनीवरचा हक्क केंद्र सरकारला दिला होता. त्या बदल्यात राज्याच्या हद्दीतल्या मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क शांततेनं, तडजोडीनं संपवू, असं वचन केंद्रानं दिलं होतं. दुसरीकडे याच जमातींशी केंद्र सरकारनं तह केले होते आणि त्यांत त्यांच्या सीमा मान्य केल्या होत्या. एकच जमीन दोघांना कबूल केलेली! त्यात सरकी काढण्याच्या नव्या यंत्रानं कापसाचं पीक सोन्याच्या भावाचं झालं. गोऱ्या मळेवाल्यांना जमीन हवी होती आणि त्या जमिनीवर राबायला आफ्रिकी गुलाम हवे होते.

अशा वेळी १८१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटलं. त्या गडबडीत दक्षिणेत क्रीक नावाच्या मोठ्या जमातीत दुफळी झाली. ‘लाल काठ्या’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या गटानं गोऱ्यांच्या आक्रमणाविरुद्ध शस्त्र उचललं. त्यांच्यावर चालून गेला टेनेसीचा सेनानी अँड्र्यू जॅक्सन. शेजारच्या चेरोकींनी विचार केला की, अमेरिकेशी लढण्यापेक्षा तिच्या बाजूनं लढलेलं बरं. शेजाऱ्याच्या अडचणीला धावून गेलं तर शेजारी विसरणार नाही, हा त्यांचा साधा हिशेब होता.

२७ मार्च १८१४ रोजी आजच्या अलाबामातल्या हॉर्सशू बेंड इथं निर्णायक लढाई झाली. टॅलापूसा नदी इथं घोड्याच्या नालेसारखं वळण घेते. त्या वळणाच्या आत ‘लाल काठ्या’ तटबंदी करून बसले होते. जॅक्सनच्या तोफांनी ती भिंत फुटेना. तेव्हा काही चेरोकी योद्ध्यांनी नदीत उड्या टाकल्या, पोहून पलीकडचे पडाव पळवून आणले, त्यांतून सोबत्यांना पार नेलं आणि मागून हल्ला चढवला. शत्रूचं लक्ष विभागलं आणि जॅक्सनच्या सैन्याला भिंत ओलांडता आली. आठशेहून अधिक क्रीक त्या दिवशी मारले गेले.

या विजयानंतर जॅक्सननं क्रीकांवर जो तह लादला, त्यात त्यांची सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन गेली. विशेष म्हणजे यातली बरीच जमीन जॅक्सनच्या बाजूनं लढलेल्या क्रीकांचीही होती. चेरोकींसाठी ही धोक्याची सूचना होती. पुढे ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्सला जॅक्सननं इंग्रजांचा दारुण पराभव केला. युद्ध थांबवणाऱ्या तहावर युरोपात दोन आठवडे आधीच सह्या झाल्या होत्या, पण ती बातमी अजून समुद्रावरच होती. जॅक्सन राष्ट्रवीर झाला आणि अध्यक्षपदाचा त्याचा रस्ता इथूनच सुरू झाला.

युद्धानंतर चेरोकींनी जे केलं, ते थक्क करणारं आहे. ‘तुम्ही रानटी आहात, म्हणून तुमचा जमिनीवर हक्क नाही,’ असं त्यांना सांगितलं जाई. त्यांनी ही सबबच काढून घ्यायचं ठरवलं. सिक्वोया नावाच्या कारागिरानं १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी लिपी सिद्ध केली. त्याला स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हतं. आपल्या बाराखडीत एकाच ‘क’ला काना, वेलांटी, उकार लावून आपण अक्षरं करतो. सिक्वोयाच्या लिपीत प्रत्येक अक्षराला स्वतंत्र चिन्ह, आणि अशी साधारण ८५ चिन्हं. काही वर्षांतच हजारो चेरोकी आपली भाषा लिहू-वाचू लागले. १८२७ मध्ये त्यांनी स्वतःची लिखित राज्यघटना केली. न्यू इकोटा ही राजधानी वसवली. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी तिथून ‘चेरोकी फीनिक्स’ हे इंग्रजी आणि चेरोकी अशा दोन्ही भाषांतलं वृत्तपत्र निघालं. त्याचे संपादक होते इलायस बुडिनॉट. आणि हेही सांगितलं पाहिजे की, त्यांच्यातल्या सधन लोकांनी शेजारच्या मळेवाल्यांचं अनुकरण करत काळे गुलामही ठेवले. १८३५ च्या शिरगणतीत चेरोकींकडे दीड हजारांहून अधिक गुलामांची नोंद आहे.

रानटी म्हणून ज्यांना हाकलायचं, ते घटना लिहू लागले, छापखाना चालवू लागले. मग जॉर्जिया निवळला का? उलट तो अधिकच बिथरला. घटना लिहिणारे लोक उठून जाणार नाहीत, हे त्याला कळलं. त्यातच चेरोकींच्या प्रदेशात सोनं सापडलं आणि लुटारूंची झुंबड उडाली. जॉर्जियानं कायदा करून जाहीर केलं की, चेरोकींचे कायदे रद्द, त्यांच्यावर आमचेच कायदे चालतील. आणि गोऱ्या माणसाविरुद्ध चेरोकीची साक्ष न्यायालयात चालणार नाही.

अध्यक्ष जॅक्सननी जॉर्जियाची बाजू घेतली. राज्याच्या पोटात दुसरं राज्य असू शकत नाही, आणि या लोकांनी पश्चिमेला जाणं त्यांच्याच हिताचं आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. २८ मे १८३० रोजी त्यांनी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. हा कायदा सहजासहजी मंजूर झाला नाही. देशभरातून विरोधाचे अर्ज आले. स्त्रियांनी सह्या गोळा करून काँग्रेसकडे अर्ज धाडले, ही तर त्या काळात नवलाचीच गोष्ट होती. प्रतिनिधीगृहात १०२ विरुद्ध ९७ अशी अवघ्या पाच मतांनी त्याची सुटका झाली. त्या काळच्या घटनेनुसार गुलामांना मत नव्हतं, पण जागांची वाटणी करताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब धरला जाई. त्यामुळे दक्षिणेला जादा जागा मिळत. पाच मतांच्या फरकात या जागांचं वजन किती, हे वेगळं सांगायला नको. जॅक्सनच्याच टेनेसीतले डेव्ही क्रॉकेट यांनी कायद्याविरुद्ध मत दिलं आणि पुढच्या निवडणुकीत ते पडले.

चेरोकींनी तलवार उचलली नाही. त्यांचे प्रमुख जॉन रॉस यांनी वकील केला. सॅम्युअल वूस्टर नावाच्या मिशनऱ्याला राज्याचा परवाना न घेता चेरोकींच्या प्रदेशात राहिला म्हणून जॉर्जियानं चार वर्षं सक्तमजुरी ठोठावली होती. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ३ मार्च १८३२ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला. चेरोकी हा स्वतंत्र समाज आहे, त्याच्या प्रदेशात जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत, वूस्टरची शिक्षा रद्द. चेरोकींनी त्या रात्री आनंद केला असेल तर नवल नाही. ते खटला जिंकले होते.

‘मार्शलनं निकाल दिलाय ना, मग आता त्यानंच तो अमलात आणावा,’ असं जॅक्सन म्हणाले, अशी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. पण हे वाक्य छापलं गेलं ते तीस वर्षांनंतरच्या एका पुस्तकात. ते जॅक्सननी खरोखर उच्चारल्याचा पुरावा नाही. प्रत्यक्षात घडलं ते कमी नाट्यमय आहे आणि म्हणूनच जास्त बोचणारं आहे. जॉर्जियानं निकाल गुंडाळून ठेवला. न्यायालयाचं सत्र संपलं होतं, पुढचं सत्र थेट पुढच्या वर्षी. दरम्यान साउथ कॅरोलायनानं जकातीच्या कायद्यावरून केंद्राविरुद्ध बंड पुकारलं. जॉर्जियाही त्यात सामील होईल, ही भीती दिल्लीला वाटावी तशी वॉशिंग्टनला वाटू लागली. तेव्हा पडद्याआड तडजोड झाली. मिशनऱ्यांनी खटला पुढे न्यायचा नाही, राज्यपालांनी त्यांना माफी द्यायची. जानेवारी १८३३ मध्ये वूस्टर सुटले. अध्यक्षांना निकाल धुडकावण्याची वेळच आली नाही, कारण तो अमलात आणा म्हणून सांगणारं कोणी उरलंच नाही. चेरोकींचा प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिला.

तोवर जॉर्जियानं चेरोकींच्या जमिनीची चक्क सोडत काढली होती. ज्याचं नाव निघेल त्याला चेरोकीचं शेत. १८३५ मध्ये जॉन रॉस प्रवासाहून परतले, तेव्हा त्यांच्या घरात सोडतीत नशीब उघडलेलं कुटुंब राहत होतं.

आता काही चेरोकी पुढाऱ्यांचाच धीर सुटला. हॉर्सशू बेंडला जॅक्सनसाठी लढलेले मेजर रिज, त्यांचा मुलगा जॉन आणि संपादक बुडिनॉट यांचं मत पडलं की, हातात काही पडतंय तोवर तह करावा. २९ डिसेंबर १८३५ रोजी न्यू इकोटा इथं मूठभर लोकांनी ५० लाख डॉलरच्या बदल्यात सगळी भूमी देऊन टाकली. चेरोकींच्या परिषदेची याला मान्यता नव्हती. रॉस यांनी निषेधाच्या अर्जावर पंधरा हजारांहून अधिक नावं गोळा केली. पूर्वेकडे चेरोकी होते सोळा-साडेसोळा हजार! तरीही सिनेटनं दोन तृतीयांशांपेक्षा जेमतेम एका मताच्या आघाडीनं तह मंजूर केला.

मे १८३८ मध्ये मुदत संपली आणि जनरल विन्फिल्ड स्कॉट यांच्या हाताखाली हजारो सैनिक आले. माणसांना शेतातून, ताटावरून उठवून कुंपणाच्या छावण्यांत कोंडण्यात आलं. त्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता, छावण्यांत हगवण आणि ताप पसरले. उरलेल्यांना रॉस यांनी तुकड्या करून शरद ऋतूत स्वतः न्यायचं ठरवलं. हजार मैलांच्या आसपासची वाट, बहुतेकांची पायी. वाटेत कडाक्याचा हिवाळा गाठला. बर्फानं मिसिसिपी नदी अडली आणि हजारो लोक तिच्या काठावर उघड्यावर खोळंबले. त्यांत त्यांचे गुलामही होते. रॉस यांची पत्नी वाटेतच गेली. छावण्या आणि प्रवास मिळून सुमारे चार हजार माणसं दगावली, असा अंदाज सांगितला जातो. या वाटेला ‘अश्रूंची वाट’ म्हणतात. जून १८३९ मध्ये रिज पिता-पुत्र आणि बुडिनॉट यांची त्यांच्याच लोकांनी एकाच दिवशी हत्या केली.

या साऱ्या प्रकरणात कायदा कुठे नव्हता? कायदा होता, तह होता, मतदान होतं, सोडतीच्या पावत्याही होत्या. एकेका पायरीवर कागद होता, म्हणून कोणालाच आपण अन्याय करतोय असं वाटलं नाही. आणि एका कागदाच्या, मार्शल यांच्या निकालाच्या, पाठीशी मात्र कोणी उभं राहिलं नाही. न्यायालयाजवळ ना सैन्य असतं ना तिजोरी. त्याचा शब्द चालतो तो इतर सगळ्यांनी तो मानायचं ठरवलेलं असतं म्हणून.

पण कागदाची एक गंमत आहे. तो लवकर मरत नाही. २०२० मध्ये क्रीकांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं की, ओक्लाहोमात त्यांना तहानं दिलेला प्रदेश काँग्रेसनं कधीच मोडीत काढलेला नाही. म्हणजे वचन अजून शिल्लक आहे. पुढच्याच वर्षी हे तत्त्व चेरोकींनाही लागू झालं. २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं दुसऱ्या एका निकालात राज्याचे अधिकार पुन्हा वाढवले. म्हणजे वाद मिटलेला नाही. आज चेरोकी राष्ट्राचे नोंदलेले नागरिक साडेचार लाखांहून अधिक आहेत. त्यांची राजधानी टॅलेक्वा इथं आहे आणि सिक्वोयाची लिपी तिथल्या पाट्यांवर दिसते.

ज्या तहानं त्यांची भूमी गेली, त्याच्याच सातव्या कलमात अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात चेरोकींचा एक प्रतिनिधी असेल, अशी तरतूद होती. तिकडे कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. २०१९ मध्ये, १८४ वर्षांनंतर, चेरोकींनी आपल्या वतीनं एका महिलेला प्रतिनिधी म्हणून नेमलं आणि काँग्रेसला त्या कलमाची आठवण करून दिली. तो तह त्यांना कधीच मान्य नव्हता. पण त्यातलं त्यांच्या वाट्याचं ते एक कलम त्यांनी जपून ठेवलं आहे.