जालंदरचा गोळा, जहांगीराची सुरी

वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनात जहांगीर बादशहाची एक सुरी आहे, मुठीसकट वीतभराहून थोडी मोठी. तिच्यातलं बरंचसं लोखंड कुठल्याच खाणीतलं नाही. ते एप्रिल १६२१मध्ये जालंदर परगण्यातल्या एका गावी आभाळातून पडलं.

हकिकत खुद्द बादशहाने ‘तुझुक-इ-जहांगीरी’त लिहून ठेवली आहे. सकाळी पूर्वेकडून असा गडगडाट झाला की लोकांची गाळण उडाली, आणि मग उजेडाचा लोळ जमिनीवर आला. गावकऱ्यांनी परगण्याचा आमिल महंमद सईद याला वर्दी दिली. आमिल म्हणजे सारावसुलीचा अंमलदार. तो तडक घोड्यावरून आला. दहा-बारा गज जमीन करपलेली दिसली, तिथे खणायला लावलं. लोखंडाचा गोळा निघाला. तो निवल्यावर थैलीत मोहोरबंद करून दरबारी पाठवला. बादशहासमोर वजन झालं १६० तोळे, सुमारे दोन किलो. साक्षीदार, जागा, तारीख, वजन. आजचा उल्कांचा संग्राहक तरी आणखी काय मागतो?

गोळा भट्टीतून काढल्यासारखा तापलेला होता असं बादशहा लिहितो, ते मात्र मला पटत नाही. उल्केचं वरचं कवच वितळतं ते काही सेकंदच. एवढासा तुकडा पुढे वेग गमावतो आणि शेवटचे काही किलोमीटर साध्या दगडासारखा, गार हवेतून पडतो. त्याने गवत जळत नाही. वर्दीला कुणीतरी तिखटमीठ लावलं असावं.

शस्त्रं घडवण्याचं काम उस्ताद दाऊदकडे गेलं. हातोड्याखाली गोळा टिकेना, फुटायला लागला. ही तक्रार मला खरी वाटते. उल्कालोहात निकेलबरोबर गंधक आणि फॉस्फरसच्या संयुगांच्या गाठी असतात, आणि तापवून ठोकताना त्याच दगा देतात. तेव्हा तीन भाग हे नि एक भाग साधं लोखंड मिसळून दोन तलवारी, एक खंजीर आणि ही सुरी घडली.

युरोपातले विद्वान तेव्हा आणि नंतरही दीर्घकाळ असल्या गोष्टी भाकडकथांत जमा करत. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाड्नीने १७९४मध्ये उलट बाजू मांडली, तर त्याची टिंगल झाली. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हॉवर्डने १८०२मध्ये आभाळातून पडलेल्या दगडांतल्या धातूत निकेल दाखवलं. पुढच्याच वर्षी चार्ल्स ग्रेव्हिलने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जहांगीराची हकिकत ठेवली. निकेलची चाचणी हाताशी होती, पण तपासायला जालंदरचा कणही नव्हता. सुरी फ्रीअरकडे आली ती १९५५मध्ये.