निवळी, माशाचं भोत आणि गढूळ मीड

आजच्या व्याख्यानाला निमित्त एका फोनचं आहे. आमचा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात असतो. तिथे १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही. हा गडी बिअर करतो, सफरचंदाची सायडर करतो आणि मधाची मीडसुद्धा. (आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तेव्हा हे इतिहास म्हणून ऐका, कृती म्हणून नव्हे!) तर त्याची मीड तीन महिने झाले तरी गढूळच. दुकानदाराने ती निवळायला एक बाटली दिली, वर लिहिलेलं ‘आयसिंग्लास’. ते माशापासून करतात हे त्याला नंतर कळलं, आणि बायको पक्की शाकाहारी. “सर, तिला काय सांगू?”

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न आम्ही कधी परीक्षेत घातला नव्हता.

आयसिंग्लास या शब्दाचा काचेशी काही संबंध नाही. मूळ डच शब्दाचा अर्थ स्टर्जन माशाची पिशवी. इंग्रजांच्या कानांनी त्याचं ‘ग्लास’ केलं. मासा पाण्यात तरंगावा म्हणून त्याच्या पोटात हवेची पिशवी असते. आपले कोळी बांधव तिला भोत म्हणतात. ही पिशवी वाळवायची, तासायची आणि आंबट झालेल्या बिअरमध्ये कित्येक आठवडे भिजत घालायची. तिच्यातलं कोलॅजेन आम्लात फुगून सुटतं. त्याच्यावर धन विद्युतभार, यीस्टच्या पेशींवर ऋण. दोन्ही एकमेकांना धरतात, गुठळ्या जड होऊन तळाशी बसतात. मात्र हे द्रावण तापवलं की कोलॅजेनची वीण उसवते, साधं जिलेटिन होतं आणि यीस्ट खाली ओढायची ताकद बरीच कमी होते.

अठराव्या शतकात लंडनचे बिअरवाले हा माल रशियाकडून घेत, आणि तो महाग पडे. तेव्हा १७९५ च्या सुमारास विल्यम मर्डॉकने वाळवलेल्या कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला. हा मर्डॉक म्हणजे कोळशाच्या वायूवर दिवे लावणारा, बोल्टन आणि वॉट यांच्याकडचा इंजिनिअर. लंडनच्या बिअरवाल्यांनी त्याच्या पद्धतीसाठी त्याला २००० पौंड मोजले. त्या काळात ही फार मोठी रक्कम! पुढे १८४२ मध्ये जॉन फोर्ब्स रॉयल यांनी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आयसिंग्लास कसं तयार करता येईल यावर पुस्तकच लिहिलं. म्हणजे आपल्या घोळ माशाच्या भोताकडेही साहेबाची नजर पोचली होती.

एवढा खटाटोप कशासाठी? चवीसाठी, आणि दिसण्यासाठीही. कथलाच्या पेल्यात गढूळपणा कोणाला दिसतोय? पण १८४२ मध्येच पिल्सेनला योझेफ ग्रोलने सोनेरी, नितळ बिअर काढली, १८४५ मध्ये इंग्लंडात काचेवरचा कर उठला, काचेचे पेले स्वस्त झाले. आता पिण्याआधी डोळ्यांनी बघणं आलं.

दुकानदाराची बाटली मात्र आमच्या विद्यार्थ्याला कितपत उपयोगी होती, याची शंका आहे. कारण गढूळपणा सगळा एका जातीचा नसतो. सायडर बहुधा सफरचंदातल्या पेक्टिनने गढुळते. तिथे मासा काय करणार? पेक्टिन तोडणारं एन्झाइम लागतं. मीडमध्ये मधातली प्रथिनं तरंगत राहतात. त्यांना ऋण भाराची माती हवी, म्हणजे बेंटोनाइट. १९३० च्या दशकात वाइनवाल्यांनी ही माती वापरायला घेतली. बिअरवाले घरी आयरिश मॉस नावाचं समुद्री शेवाळ उकळतानाच टाकतात. आधी गढूळ काय आहे ते ओळखा, मग औषध.

पण प्रश्न मीडचा नव्हता, बायकोला काय सांगायचं हा होता. आणि इथे आम्हाला आजोळचा रांजण आठवला. पावसाळ्यात आजी निवळीची बी रांजणाच्या आतून घासायची, सकाळी पाणी स्वच्छ. निवळी म्हणजे संस्कृतातला कतक. मनुस्मृती बजावते की कतकाचं नुसतं नाव घेऊन पाणी निवळत नाही. शंकराचार्यांच्या नावावरचा ‘आत्मबोध’ पुढे जातो: ज्ञान जीवाला स्वच्छ करतं आणि मग स्वतःही नाहीसं होतं, कतकाच्या चूर्णासारखं.

युरोपीय कायद्याची भूमिका अगदी हीच आहे बघा. पदार्थात मासा असेल तर ॲलर्जीवाल्यांसाठी वेष्टनावर लिहिणं सक्तीचं. पण बिअर-वाइन निवळायला वापरलेल्या आयसिंग्लासला त्यातून सूट. ते गाळाबरोबर गेलं, असं धरतात.

मग बायकोला “मासा उरलाच नाही” असं सांगून भागेल? आम्हाला नाही वाटत. मातीचा घडा होतो तेव्हा माती हे उपादान कारण, कुंभाराचं चाक निमित्त कारण. चाक घड्यात उरत नाही, पण चाकाशिवाय घडा झाला असंही म्हणवत नाही. कायदा फक्त उपादानाची चौकशी करतो: पेल्यात काय आहे? शाकाहारी माणूस निमित्ताचीही करतो: हे होण्यासाठी कोणाचा जीव गेला? ॲलर्जीवाल्याला पहिला प्रश्न पुरतो. तिला पुरणार नाही, आणि ते तिचं खूळ नव्हे. गिनेससारख्या कंपनीने २०१५ मध्ये आयसिंग्लास सोडायचं जाहीर केलं, तेव्हा पेल्यात अचानक मासा सापडला म्हणून नव्हे. लोक हा दुसरा प्रश्न विचारू लागले होते.

विद्यार्थ्याला आम्ही एवढंच म्हटलं की बाटली परत कर, आणि तिला आधी सगळं सांग. त्याने माती घातली, बुधला थंड गॅरेजमध्ये ठेवला. परवा फोटो आला. बुधल्यामागे वर्तमानपत्र धरलं होतं आणि मथळा वाचता येत होता. बायकोने घेतली की नाही, ते त्याने कळवलेलं नाही.