दुर्वासाच्या शापाची सोय

राजा दुष्यंत शकुंतलेला खरोखर विसरला, की विसरल्याचे सोंग त्याने केले? महाभारताचे उत्तर एक आहे, कालिदासाचे दुसरे. आदिपर्वातल्या दुष्यंताला सारे काही आठवत असते. लोक काय म्हणतील या भयाने तो भरसभेत तिला नाकारतो, ती त्याला खडे बोल सुनावते आणि शेवटी आकाशवाणी झाल्यावर तो पत्नीचा व पुत्राचा स्वीकार करतो. कालिदासाने या कथेत दुर्वासाचा शाप आणला आणि खुणेची मुद्रिका आणली. राजाच्या माथ्यावरचा डाग पुसला गेला, आणि फसवणुकीची कथा प्रेमाची व विरहाची झाली. ही सोय आपल्या रंगभूमीने आणि पुढे चित्रपटाने कशी वापरली, ते मला येथे पाहायचे आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाला. मराठी संगीत रंगभूमीचा हा आरंभ म्हणून आपण ती तारीख जपतो. पूर्वीच्या नाटकांत गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. येथे पात्रे स्वतः पदे गाऊ लागली. मात्र त्या रात्री सातांपैकी पहिले चारच अंक झाले होते, या तपशिलाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. चौथा अंक म्हणजे शकुंतलेची सासरी पाठवणी. दरबारातला नकार येतो तो पाचव्यात. म्हणजे आपल्या संगीत नाटकाच्या पहिल्या प्रेक्षकाने प्रेम पाहिले, शाप ऐकला, कण्वाच्या निरोपाने डोळेही पुसले. नकार मात्र त्या रात्री त्याला पाहावा लागला नाही. उरलेले अंक पुढे रंगभूमीवर आले. तरी मराठी मनात ‘शाकुंतल’ ठसले ते बहुतेक त्या चार अंकांचेच, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट भूमिकेची. भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला गाजली. १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत प्रथम उभे राहिले तेही शकुंतला म्हणूनच. त्यांच्या गायकीबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण टाकलेल्या बाईचे दुःख दोन पिढ्यांनी पुरुषाच्या गळ्यातून ऐकले, आणि ते इतके गोड होते की त्यातला संताप कुणाच्या कानी पडला असेल, याची शंका येते. कालिदासाची शकुंतलाही पाचव्या अंकात राजाला ‘अनार्य’ म्हणते, हे विसरू नये.

रंगभूमीकडून पडद्याकडे येणारी वाट कोल्हापूरच्या एका मुलाच्या आयुष्यातून जाते. १९०१ साली जन्मलेले व्ही. शांताराम लहानपणी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत होते. बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी ती १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून काढली होती. पुढे शांतारामांनी प्रभातसाठी ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) दिग्दर्शित केला, तेव्हा त्याचे संगीतकार आणि नायक टेंबेच होते. तारामती झाल्या दुर्गा खोटे. प्रभात सोडून शांतारामांनी १९४२ साली मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभारले आणि पहिल्या चित्रपटासाठी निवडली ती ‘शकुंतला’.

हा चित्रपट हिंदी होता, १९४३ चा. शकुंतला जयश्री, दुष्यंत चंद्रमोहन, संगीत वसंत देसाई यांचे. मुंबईच्या स्वस्तिक चित्रगृहात तो १०४ आठवडे चालला आणि १९४७ साली अमेरिकेतही दाखवला गेला. नाटकावर बेतलेल्या प्रेमपटाचे एवढे यश त्या काळी विरळच. जयश्री स्वतः गात होत्या. शकुंतलेचा चेहरा आणि गळा आता एका बाईचा होता, आणि कॅमेऱ्याने तो चेहरा शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाच्याही जवळ आणला होता. शापाची सोय मात्र कायम होती.

ती सोय बायकांना कितपत पटते, हे मला वणीत कळले. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी येथेच राहते. गेल्या वर्षी गडावरचा चैत्रोत्सव उरकल्यावर गल्लीतल्या चार-पाच आजीबाईंना घरी बोलावून मी हा चित्रपट दाखवला. गाणी त्यांना आवडली. दरबाराचा प्रसंग आला तशा त्या गप्प झाल्या. मग एक म्हणाली, “अंगठी हरवली, बरं. पोटातलं पोर तर नव्हतं ना हरवलं?” दुसरी म्हणाली, “बाई, शाप लागला तिला, अन् सुटला तो.”

त्या वाक्यापुढे माझी टिपणे फिकी पडली. शाप का मिळाला, तर ती त्याच्या आठवणीत गढली होती आणि दारी आलेल्या ऋषीची हाक तिला ऐकू गेली नाही. आठवणे हा बाईचा अपराध ठरला आणि विसरणे ही राजाची लाचारी. गांधर्वविवाहाला साक्षीदार नसतो. म्हणून पुरावा ती अंगठी. लग्न झाले होते हे सिद्ध करण्याचा भार आजही टाकलेल्या बाईवरच पडतो, हे त्या आजीबाईंना सांगावे लागत नव्हते.

शांतारामांनाही ही कथा सोडवली नाही. १९६१ साली ते पुन्हा तिच्याकडे वळले. या वेळी संध्या शकुंतला झाल्या, आणि दुष्यंताची भूमिका त्यांनी स्वतः घेतली. चित्रपटाचे नाव ‘शकुंतला’ राहिले नाही. ते ‘स्त्री’ झाले. एका नायिकेची गोष्ट आता साऱ्या बायकांची म्हणून समोर ठेवली गेली, एवढा अर्थ त्या नावातून तरी निघतो.

‘शाकुंतला’ची थोरवी सांगताना आपण नेहमी चौथ्या अंकाचा दाखला देतो. यापुढे कुणी ही कथा पुन्हा मंचावर किंवा पडद्यावर आणली, तर मी आधी त्याचा पाचवा अंक पाहीन. राजा तिला ओळखत नाही त्या क्षणी कर्ता कुणाच्या बाजूला उभा राहतो, ते तेथेच कळते.