काडी, पेला आणि एक आसन : जपानमधील याकितोरी-व्हिस्की उपाहारगृह आणि एकट्या ग्राहकाचा इतिहास

प्रस्तावना

जपानमधील मोठ्या शहरांत सायंकाळ झाली की रेल्वेस्थानकांच्या आसपासच्या गल्ल्यांतून कोळशाचा धूर दरवळू लागतो. एक अरुंद दुकान, त्यात लाकडी काउंटर, काउंटरच्या पलीकडे निखाऱ्यांवर बांबूच्या काड्या फिरवणारा आचारी आणि अलीकडे ओळीने बसलेले ग्राहक असे हे दृश्य असते. काड्यांत कोंबडीचे तुकडे ओवलेले असतात. या पदार्थास 'याकितोरी' म्हणतात. 'याकि' म्हणजे भाजलेले आणि 'तोरी' म्हणजे पक्षी. सोबत सोडा घातलेल्या व्हिस्कीचा पेला असतो. या ग्राहकांपैकी अनेक जण एकटे आलेले असतात आणि त्याबद्दल कोणासही आश्चर्य वाटत नाही.

सहभोजन हे समाजजीवनाचे स्वाभाविक रूप असून एकट्याने जेवणे हा त्यातील बिघाड होय, अशी धारणा पंगतीच्या संस्कारात वाढलेल्या अभ्यासकाच्या मनात सहज निर्माण होते. ही धारणा खुद्द जपानमध्येही प्रबळ आहे. २००५ साली तेथे आहारशिक्षणाचा मूलभूत कायदा झाला. त्या काळातील चर्चेत मुलांनी एकट्याने जेवण्याचा प्रश्न वारंवार मांडला गेला. २०२१ साली एकाकीपणाच्या प्रश्नासाठी स्वतंत्र मंत्री नेमण्यात आला आणि २०२३ साली त्याविषयीचा कायदाही संमत झाला. अशा वातावरणात काउंटरवर एकटा बसलेला ग्राहक आधुनिक नागरी विघटनाचे लक्षण म्हणून दाखवला जाणे साहजिक आहे.

हे निदान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. एकट्या ग्राहकाचे आसन ही जपानी शहराची जुनी निर्मिती आहे. काडी आणि पेला या दोन वस्तूंनी त्या आसनास आजचे रूप दिले. इतिहासात खरा वाद एकटेपणाविषयी नव्हता. एकट्याने बसण्याचा अधिकार कोणास होता, हा तो वाद होता.

एदो : एकट्या पुरुषांचे शहर

आजच्या टोकियोचे पूर्वीचे नाव एदो. तोकुगावा राजवटीत १६३५ साली सरदारांवर एदो येथे आळीपाळीने वास्तव्य करण्याची सक्ती अधिकृतपणे लादण्यात आली. त्यांच्यासमवेत येणारे बहुसंख्य सामुराई कुटुंबे गावी ठेवून येत. १६५७ च्या भीषण आगीनंतर पुनर्बांधणीसाठी सुतार, गवंडी आणि मजूर मोठ्या संख्येने शहरात आले. १७२१ च्या गणनेत एदोतील सामान्य नागरिकांची संख्या सुमारे पाच लाख भरली. त्यांत पुरुष जवळजवळ दोन तृतीयांश होते. सामुराईंची गणना यात नव्हती.

लाकडी घरांच्या दाट वस्तीत आगीचे भय सदैव असे. एका खोलीत राहणाऱ्या मजुरास रोज चूल पेटवणे परवडणारेही नव्हते. त्यामुळे सोबा, तेंपुरा आणि सुशी विकणाऱ्या 'यताई' म्हणजे फिरत्या गाड्या व टपऱ्या वाढल्या. मद्यविक्रीच्या दुकानात तेथेच थांबून पिण्याची सोय झाली आणि तीतून 'इझाकाया' ही संस्था आकारास आली. गाडीपाशी उभ्याने खाणारा हा ग्राहक मुख्यतः एकटाच असे. तो कुटुंबापासून तुटलेला होता असे म्हणण्यापेक्षा शहराने त्याला कुटुंबाविना बोलावून घेतले होते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

याकितोरी : उरलेल्या मांसाचे अन्न

जपानमध्ये मांसाहारावर दीर्घकाळ धार्मिक व राजकीय निर्बंध होते. ६७५ साली सम्राट तेन्मू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास वर्षातील काही महिने मनाई केली. मात्र रानपक्ष्यांचे मांस खाण्याची परंपरा चालू राहिली. १८७२ साली सम्राट मेइजी यांनी गोमांस सेवन केल्याचे जाहीर झाले आणि मांसाहारास नवी प्रतिष्ठा मिळाली. कोंबडीचे मांस मात्र महागच होते. ते रस्सेदार स्वरूपात मोठ्या भोजनगृहांत मिळे.

रस्त्यावरची याकितोरी या भोजनगृहांच्या उरलेल्या भागांतून निर्माण झाली. पत्रकार मात्सुबारा इवागोरो यांनी टोकियोतील दरिद्री वस्त्यांत राहून लिहिलेले 'साइआंकोकु नो तोक्यो' हे पुस्तक १८९३ साली प्रसिद्ध झाले. भोजनगृहांच्या स्वयंपाकघरांतून विकत आणलेली कोंबडीची आतडी-काळीज काड्यांत ओवून भाजली जात आणि अंगमेहनत करणारे लोक त्यांभोवती गर्दी करीत, असे वर्णन त्यात आहे. एका काडीची किंमत तीन ते पाच रिन, म्हणजे येनच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात मोजावी इतकी अल्प होती. पूर्ण जेवण न परवडणाऱ्या माणसाला मांस परवडावे, असे ते माप होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच इतिहास वेगळ्या स्वरूपात पुन्हा घडला. बेचिराख टोकियोत स्थानकांजवळ काळे बाजार उभे राहिले. शिंजुकू येथील 'ओमोइदे योकोचो' या गल्लीचे मूळ १९४६ च्या अशाच बाजारात आहे. धान्य व पीठ नियंत्रणाखाली असताना प्राण्यांचे आतडी-काळीज त्या नियंत्रणाबाहेर राहिले. त्यामुळे दुकानाच्या पाटीवर 'याकितोरी' असले तरी काडीवर बहुधा डुकराचे मांस असे. १९६० च्या दशकात अमेरिकन जातींच्या ब्रॉयलर कोंबड्यांचे उत्पादन वाढल्यावर कोंबडी खऱ्या अर्थाने स्वस्त झाली आणि याकितोरी कार्यालयीन नोकरदाराच्या सायंकाळचा भाग बनली.

पुढे दर्जाचा प्रवास उलट दिशेने झाला. निवडक देशी जातीची कोंबडी, किशू प्रांताचा 'बिंचोतान' हा कठीण कोळसा आणि कोंबडीच्या प्रत्येक अवयवासाठी वेगळी आच यांचे शास्त्र तयार झाले. टोकियोची पहिली मिशलिन मार्गदर्शिका २००७ च्या अखेरीस निघाली. कालांतराने काही याकितोरी दुकानांनाही तीत तारा मिळाला. परंतु काउंटर, कोळसा आणि एकेक काडी ही रचना मात्र बदलली नाही.

व्हिस्की : परक्या पेयाचे जपानीकरण

१८५४ मध्ये कमोडोर पेरी याच्या दुसऱ्या भेटीत अमेरिकनांनी दिलेल्या भेटवस्तूंत व्हिस्कीचाही समावेश होता. पुढील सहा दशके हे पेय उच्चभ्रूंची विदेशी चैन राहिले. १९१८ साली ताकेत्सुरु मासाताका हा तरुण स्कॉटलंडला गेला. त्याने ग्लासगो विद्यापीठात अभ्यास केला, भट्ट्यांमध्ये प्रत्यक्ष काम केले आणि १९२० साली स्कॉटिश पत्नी रिटा हिच्यासह तो परतला. ओसाकाचे व्यापारी तोरिई शिंजिरो यांनी त्यास हाताशी धरून क्योटोजवळ यामाझाकी येथे व्हिस्कीची भट्टी उभारली. तेथे १९२४ साली उत्पादन सुरू झाले. १९२९ मध्ये पहिली जपानी व्हिस्की बाजारात आली, पण तिचा धुरकट स्वाद ग्राहकांना रुचला नाही. जपानी जिभेस मानवणारी 'काकुबिन' ही सौम्य व्हिस्की १९३७ साली आली. तत्पूर्वी १९३४ मध्ये ताकेत्सुरु यांनी स्वतंत्र होऊन होक्काइदोतील योइची येथे उद्योग सुरू केला होता. तोच पुढे 'निक्का' या नावाने प्रसिद्ध झाला.

सामान्य माणसापर्यंत व्हिस्की पोहोचली ती युद्धोत्तर काळात. १९४६ साली 'टोरिस' ही स्वस्त व्हिस्की आली आणि १९५० च्या दशकात तिच्या नावाचे छोटे बार शहरोशहरी उघडले. तेथे काउंटरवर सोडामिश्रित 'हायबॉल' मिळे. दिग्दर्शक ओझू यासुजिरो यांच्या १९६२ च्या 'साम्मा नो आजि' या अखेरच्या चित्रपटात मुलीचे लग्न लावून दिलेला विधुर पिता त्या रात्री अशाच एका बारमध्ये एकटा जाऊन बसतो. प्रेक्षकास त्याचे दुःख दिसते, पण त्याचे तेथे असणे विचित्र वाटत नाही. त्या काळातील सामाजिक मान्यतेचा हा पुरावा मानता येईल.

१९८३ नंतर जपानमध्ये व्हिस्कीचा खप सुमारे पंचवीस वर्षे घसरत गेला. २००८-०९ पासून हायबॉल पुन्हा प्रचारात आणण्यात आला. या वेळी तो बारपुरता न ठेवता इझाकायातील खाद्यपदार्थांशी, विशेषतः तळलेल्या व भाजलेल्या कोंबडीशी, जोडण्यात आला. याकितोरी आणि व्हिस्की यांची आज परंपरागत भासणारी जोडी या रूपात अशी बरीच अलीकडची आहे.

काडी आणि पेला यांची सामाजिक रचना

ही जोडी एकट्या ग्राहकास इतकी अनुकूल का ठरली? याचे उत्तर दोन्ही वस्तूंच्या वाटपाच्या पद्धतीत सापडते.

जपानी सहभोजनाचे ठळक प्रतीक म्हणजे 'नाबे', अर्थात मध्यभागी शिजणारे सामायिक भांडे. त्यासाठी सोबत लागते. काडी हे मात्र स्वतंत्र एकक आहे. एकेक काडी मागवता येते, मोजता येते आणि भूक किंवा पैसे संपताच थांबता येते. पारंपरिक साकेपानात आपला पेला आपण भरू नये असा संकेत आहे. शेजाऱ्याने आपला पेला भरावा आणि आपण त्याचा. स्वतःच स्वतःचा पेला भरण्यास 'तेजाकु' असा खास शब्द असून त्यास एकाकीपणाची किंचित छटा आहे. हायबॉल मात्र काउंटरपलीकडील माणूस तयार करून देतो. पेला भरणारा हात नेहमीच दुसऱ्याचा असतो आणि सोबती नसल्याची उणीव भासत नाही.

म्हणजेच एका वस्तूने सामायिक भांड्याची आणि दुसरीने परस्पर ओतण्याची गरज दूर केली. तथापि ग्राहक पूर्णपणे एकटा पडला नाही. समोर आचारी असतो आणि शेजारी अनोळखी माणूस. अनेक ठिकाणी ग्राहकाच्या नावाची पट्टी लावलेली बाटली दुकानात जपून ठेवतात. त्यास 'बॉटल कीप' म्हणतात. शहरातील एकट्या माणसाचे नाव फळीवर आहे आणि त्याची वाट पाहिली जाते, असा या प्रथेचा अर्थ होतो.

आसनाचा अधिकार : स्त्री ग्राहक

वर वर्णिलेला इतिहास जवळजवळ सर्वस्वी पुरुषांचा आहे. एदोतील मजूर, मेइजी काळातील हमाल आणि युद्धोत्तर नोकरदार या सर्वांचे एकटे बसणे समाजाने विनातक्रार स्वीकारले. स्त्री मात्र काउंटरच्या पलीकडे, वाढणारी म्हणून दिसते. ओझूंच्या चित्रपटातील बारमध्येही पेला भरून देणारी स्त्री आहे.

१९८६ साली समान रोजगार संधी कायदा अमलात आला. स्वतःचे वेतन असणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली, पण एकटीने काउंटरवर बसण्याचा संकोच तत्काळ गेला नाही. २००० च्या आसपास पत्रकार इवाशिता कुमिको यांनी 'ओहितोरिसामा' हा शब्द या स्त्रियांच्या संदर्भात प्रचारात आणला. हा मुळात उपाहारगृहातील शब्द. 'हितोरि' म्हणजे एक व्यक्ती; तिच्या मागेपुढे 'ओ' आणि 'सामा' हे आदरवाचक जोडून एकट्या ग्राहकाचे स्वागत केले जाई. २००७ साली समाजशास्त्रज्ञ उएनो चिझुको यांनी हाच शब्द घेऊन एकट्या स्त्रीच्या वार्धक्यावर पुस्तक लिहिले आणि ते अत्यंत लोकप्रिय ठरले. एकटेपणासाठी 'कोदोकु' हा खिन्न शब्द उपलब्ध असताना ही आदरार्थी निवड झाली, हे लक्षणीय आहे. पुरुषाला जे आसन न मागता मिळाले होते, त्यासाठी स्त्रीला नवा शब्द रूढ करावा लागला.

लोकप्रिय साहित्यातही हा बदल प्रतिबिंबित झाला. कुसुमी मासायुकी यांचे कथालेखन आणि तानिगुची जिरो यांची चित्रे असलेली 'कोदोकु नो गुरुमे' ही चित्रकथा १९९४ पासून प्रकाशित होऊ लागली. २०१२ मध्ये तिची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि तिचा पहिलाच भाग एका याकितोरी दुकानात घडतो. नायक मद्य घेत नाही, तरीही त्या काउंटरवर त्याला जागा आहे.

समारोप

२०२० च्या जनगणनेनुसार जपानमधील सुमारे ३८ टक्के कुटुंबे एका व्यक्तीची आहेत. त्यांतील अनेकांच्या, विशेषतः वृद्धांच्या, एकाकीपणाचा प्रश्न खरा असून शासनाने त्याची दखल घेणे योग्यच आहे. परंतु घराच्या बंद दाराआड एकटे राहणे आणि काउंटरवर एकटे बसणे यांत भेद केला पाहिजे. पहिल्यात मनुष्य इतरांच्या दृष्टीआड होतो, तर दुसऱ्यात तो इतरांच्या देखत एकटा असतो.

एदोच्या गाडीपासून आजच्या काउंटरपर्यंतचा इतिहास असे दर्शवतो की शहराने एकट्या माणसास श्रमासाठी बोलावले आणि त्याच्या भुकेसाठी जागाही निर्माण केली. ती जागा प्रथम मजुराला आणि नंतर नोकरदाराला मिळाली. स्त्रीला ती फार उशिरा मिळाली. म्हणून एखाद्या समाजात किती लोक एकटे जेवतात या प्रश्नाबरोबरच, एकट्याने आलेल्या व्यक्तीचे तेथे स्वागत कोणत्या शब्दाने होते, हा प्रश्नही अभ्यासकांनी विचारला पाहिजे.